साडेपाचची बॅच

१

भारती पगारेला एक खोड होती. कुणाचा हात हातात आला, की तिची तीन बोटं आपसूक त्याच्या मनगटावर जायची आणि नजर स्वतःच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. नर्सिंग शिकतानाच लागलेली, आणि श्रीरामपुरातल्या एका खासगी दवाखान्यात अकरा वर्षं नर्स म्हणून काढल्यावर ती पक्कीच झाली. तिचा नवरा पंकज चारचौघांत सांगायचा, "लग्नात हार घालताना हिनं माझी नाडी बघितली होती. एकशे दहा होती म्हणे!"

पंकज बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होता. खिडकीत बसून मायकवरून गाड्या पुकारायचं काम. पुकारताना हमखास मध्येच खोकला यायचा. नेवाशाच्या गाडीला तो राहुरीची म्हणायचा, मग मायक चालू असतानाच स्वतःशी हसायचा, आणि फलाटावरची माणसंही हसायची. बसून बसून पोट सुटलेलं. चहा दिवसाला आठ कप. जरा चालत जा म्हटलं की म्हणायचा, "दिवसभर एवढ्या गाड्या चालवतो, आणखी किती चालू?"

शहाण्णव सालच्या गणपतीच्या आठवड्यात त्याचा मित्र मच्छिंद्र ड्रायव्हर डबा उघडता उघडता बाकावर कलंडला, तो उठलाच नाही. वय बेचाळीस. पंकजही बेचाळीसचाच. त्या संध्याकाळी भारतीनं नवऱ्याचं प्रेशर घेतलं, तर वरचा आकडा एकशे सत्तर. पुढं आठ दिवस तो धड जेवला नाही, धड झोपला नाही. नवव्या दिवशी घरी आल्या आल्या म्हणाला, "उद्यापासून मी बॅचला जाणार."

श्रीरामपुरात तेव्हा बॅच म्हटल्यावर आणखी काही सांगावं लागत नसे. रेल्वेलाईनच्या पलीकडे कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग होतं. त्याच्या गोडाऊनमध्ये तुषार सर नावाचा एक तरुण रोज पहाटे साडेपाचला व्यायाम घ्यायचा. पुण्याहून शिकून आलाय म्हणत. जोर नाहीत, बैठका नाहीत, वजनं नाहीत. टेपवर ठेका लागायचा आणि पन्नास माणसं रांगा धरून तासभर उड्या मारायची, पळायची, वाकायची, उठायची. सगळी एकसाथ, एकदाही न थांबता. पहिल्या दिवशी ओकारी यायची. चौथ्या दिवशी जिना उतरता यायचा नाही. आणि पंधराव्या दिवसानंतर त्या माणसाला बॅच सोडून दुसरं काही बोलताच यायचं नाही.

पंकजला कापडी बूट भारतीनंच आणून दिले.

२

महिन्याभरात पंकजचा पट्टा दोन भोकं आत गेला. दोन महिन्यांत प्रेशर एकशे वीसवर आलं. गजर न लावता तो पावणेपाचला उठायचा, परत आला की अंगातून वाफा निघत असायच्या आणि चेहरा असा काही उजळलेला, की भारतीला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवायचं. त्यानं चहा सोडला. मेलेल्या मित्राचं नाव काढलं, की पूर्वी तो ताटावरून उठायचा, ते थांबलं. त्यांची मुलगी रश्मी संगमनेरला मामाकडे राहून अकरावी करत होती. दिवाळीला आली तेव्हा तिनं बापाला ओळखलंच नाही. "पप्पा, तुम्ही तर हिरो झालात," म्हणाली.

भारतीला खटकलं ते एवढंच, की त्याची नाडी शहाण्णव होती.

व्यायाम करणाऱ्याची नाडी संथ होत जाते. सत्तर, पासष्ट, एखाद्याची साठसुद्धा. शहाण्णव म्हणजे वाईट असं नाही, पण या माणसाला शोभणारी नाही. तिला वाटलं, आत्ताच आलाय, दमला असेल. रविवारी दुपारी तो गाढ झोपलेला असताना तिनं परत बघितली. शहाण्णव. पुढच्या आठवड्यात भरलेला सिलेंडर खांद्यावर घेऊन तो दोन मजले चढून आला. तिनं सहज हात धरला, घड्याळ लावलं. शहाण्णव.

घड्याळ बिघडलं असेल म्हणून तिनं दवाखान्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाशी ते ताडून पाहिलं. बरोबर होतं.

मग एका सोमवारी ती बसस्थानकावरून चालली होती. मायकवर पंकजचा आवाज आला. "श्रीरामपूरहून नेवाशाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे." खोकला नाही, चूक नाही. प्रत्येक शब्द मापून टाकल्यासारखा. फलाटावर कुणी हसलं नाही. एक म्हातारा तर पिशवी छातीशी धरून त्या भोंग्याकडे बघत राहिला होता. भारतीला वाटलं, आपल्याला उगाच काहीतरी दिसायला लागलंय. माणूस सुधारला तर त्याचाही संशय घ्यायचा का?

३

डिसेंबरात आलिया दवाखान्यात आली. उर्दू शाळेत शिकवणारी, सत्तावीस-अठ्ठावीसची, बोलकी मुलगी. तिला तिचा भाऊ तौसीफ जबरदस्तीनं घेऊन आला होता. टेम्पो दुरुस्त करायचं त्याचं गॅरेज होतं, हातांना अजून ग्रीस होतं.

"सिस्टर, बघा हिचा पाय," तो म्हणाला. "आठ दिवस झाले, लंगडते. पण पहाटे मात्र पळतेय."

एक्स-रेमध्ये नडगीच्या हाडाला बारीक चीर दिसली. डॉक्टरांनी सहा आठवडे प्लॅस्टर सांगितलं. आलिया हसली. गोड हसली, पण नाही म्हणाली.

"अगं, दुखत नाही का?" पट्टी बांधताना भारतीनं विचारलं.

"दुखतं ना. बाहेर दुखतं." तिनं आवाज खाली आणला, जणू चांगली बातमी सांगतेय. "आत गेलं की नाही दुखत. सिस्टर, मी शाळेत एकटी, घरात एकटी. अम्मीला माझ्या लग्नाची काळजी, भाऊ गाड्यांखाली. तिथं मात्र पन्नास जण माझ्याबरोबर श्वास घेतात. तुम्ही एकदा याच. पंकजभाऊ माझ्या मागच्याच रांगेत असतात."

भारतीची बोटं तिच्या मनगटावर गेली होती. तिनं मिनिट पूर्ण होऊ दिलं, मग आणखी एक मिनिट मोजलं.

तौसीफनं विचारलं, "काय झालं, सिस्टर?"

"काही नाही," भारती म्हणाली. "हिला बॅचला पाठवू नकोस."

"मी अडवणारा कोण," तो म्हणाला. "दार लावलं तर दारातच उड्या मारते."

४

तीन दिवसांनी पहाटे भारती नवऱ्याच्या मागोमाग गेली. नुसतं बघायचं, असं ठरवून.

गोडाऊन लांबच लांब, वर पत्रे. जिनिंग बंद होऊन सहा वर्षं झाली होती, तरी तुळयांना, खिडक्यांच्या जाळ्यांना कापसाचा भुगा लोंबत होता. खाली फरशीवरही त्याचा पातळ थर. चार बल्ब. टेबलावर टेप. माणसं येत होती, कोपऱ्यात चपला काढत होती, बूट घालत होती आणि न बोलता आपापल्या जागी उभी राहत होती. कापडदुकानदाराची सून होती, चर्चच्या शाळेतले गुरुजी होते, साखर कारखान्यातले फिटर होते. पुढच्या रांगेत बनियन घातलेले सहादूमामा. मार्केट यार्डात आयुष्यभर धान्य तोललेले मापाडी, साठीचे गृहस्थ.

तुषार सर दारापाशी आला. बारीक अंगाचा, आवाज मऊ. "ताई, इथं बघत उभं राहत नाहीत. बघणाऱ्यामुळं रांग बिघडते. या ना. बूट नसले तरी चालतील."

कापडदुकानदाराची सून बाजूला सरकली आणि तिनं भारतीचा हात धरून तिला आपल्या शेजारी घेतलं. या गावात अकरा वर्षं काढूनही त्या घराच्या ओट्यावर भारतीला कुणी चहाला बसवलं नव्हतं. आधी आडनाव विचारायचे, मग उभ्यानंच बोलायचे. इथं कुणी काही विचारलं नाही.

ठेका सुरू झाला. गाणं नव्हतं, नुसता ठेका. धप्, धप्, धप्. पहिली दहा मिनिटं छाती फुटेल असं वाटलं. मग कधीतरी शेजारणीचं पाऊल आणि आपलं पाऊल वेगळं ओळखू येईना. पन्नास पाय एकदम पडले, की पत्रे थरथरायचे आणि वरून कापूस हलकेच खाली यायचा. बाळंतपणापासून दुखणारा गुडघा दुखायचा थांबला. मुलीची काळजी, ड्यूटीचा वैताग, पंकजची नाडी, सगळं कुठंतरी मागं पडलं. तिला हसू येत होतं. तास संपला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि का होतं ते तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून उठली. तिसऱ्याही दिवशी. आपण आलो कशासाठी होतो, हे तिला मधूनमधून आठवायचं. पण ते आठवणं दिवसा असायचं. पहाटे नाही.

५

जानेवारीच्या चौदा-पंधरा तारखेला, कडाक्याच्या थंडीत, बॅच अर्ध्यावर आलेली असताना वीज गेली.

बल्ब विझले. टेपही थांबला असणार. पण भारतीला ते कळलंच नाही, कारण ठेका चालूच होता. धप्, धप्, धप्. बऱ्याच वेळानं तिच्या मनात आलं, की वीज नाही तर टेप कसा वाजतोय? मग तिनं ऐकलं. टेप वाजत नव्हता. पाय वाजत होते. कुणी चुकलं नव्हतं, कुणी अडखळलं नव्हतं. तिचेही पाय त्यातच होते.

थांबायचं असं तिनं ठरवलं. ठरवल्यावर खरोखर थांबायला तिला किती वेळ लागला, हे तिला पुढं कधीही सांगता आलं नाही. उडी मारता मारताच तिनं जुन्या खोडीनं स्वतःचं मनगट धरलं होतं. अर्धा तास पळालेल्या बाईची नाडी दीडशेच्या घरात हवी. हाताखाली लागत होती ती शांत होती, मापातली होती, आणि खाली पडणाऱ्या पायांशी तंतोतंत जुळत होती. त्या भीतीनं तिचे पाय जमिनीला टेकले ते टेकलेच.

फुटक्या पत्र्यातून राखाडी उजेड येत होता. त्यात तिला पुढच्या रांगेतली पाठ दिसली. आजूबाजूच्या सगळ्यांचे कपडे घामानं चिकटले होते, अंगातून वाफा निघत होत्या. सहादूमामांचं बनियन कोरडं होतं. त्यांच्या अंगातून वाफ निघत नव्हती.

"थांबा!" भारती ओरडली. "मामांना बसवा. त्यांना बरं नाहीये!"

कुणी मान वळवली नाही. ती रांगांमधून पुढं घुसली आणि तिनं मामांचा दंड धरला. दंड गार होता. दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तर नाडी लागली. ठणठणीत, भरलेली. जिवंत माणसाची. तिला हायसं वाटलं. "चला मामा," म्हणत तिनं त्यांना ओढून रांगेच्या बाहेर घेतलं.

रांगेबाहेर पहिलं पाऊल पडलं आणि ते तिच्या अंगावर कोसळले. मनगट तिच्या बोटांतच होतं. त्यात काही नव्हतं. मानेवर बघितलं, छातीला कान लावला. काही नव्हतं. जबडा उघडायला गेली तर उघडेना.

मागं पाय पडतच होते. त्यात पंकजचेही होते.

६

"अति श्रमानं स्नायू लवकर आखडतात, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "पुस्तकात आहे ते. हार्ट फेल झालं. या वयात असले उद्योग करायचे कशाला?"

पुस्तकात होतं, हे भारतीलाही माहीत होतं. तिनं ते मनाशी घट्ट धरून ठेवलं, दुपारी सहादूमामांच्या घरी जाऊन येईपर्यंत.

त्यांची बायको भागिरथीबाई भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून आवाज बसला होता. भारतीला बघून ती सरकली, जवळ बस म्हणाली.

"तुमी हुता ना तितं? तुमाला ठावं आसंल म्हून इचारते, बाई." तिनं इकडंतिकडं बघितलं. "राती मी हाक मारली, तर वो दिली न्हाई. हात लावला, तर गारढोन. म्हनलं थंडी लई हाय, वाकळ टाकली आंगावर. पाटं उठले. बूट घातले. च्या ठिवला हुता, त्याच्याकडं बगितलं बी न्हाई. मी म्हनलं, आवो, तोंड तर धुवा. तसंच गेले."

"बोलले काही?"

"न्हाई." तिनं पदर सारखा केला. "बाई, दाराशी चिमनी पेटलेली हुती. मी त्येंच्या तोंडाकडं बगितलं हुतं. पर म्हनलं, आपलाच मानूस. कसा भ्यायचा?"

भारतीनं तिचा हात हातात घेतला. नाडी ऐंशी-पंच्याऐंशी, मध्येच एखादा ठोका चुकणारी. म्हातारपणाची, रडून थकलेली, तिची स्वतःची नाडी. भारती ती बराच वेळ धरून बसली.

७

दुसऱ्या दिवशीही बॅच भरली. पंकज गेला. "मामांना बरं वाटेल," एवढंच म्हणाला.

भारती गोडाऊनच्या आत गेली नाही. बाहेरून खिडकीच्या जाळीला डोळा लावून उभी राहिली. वीज आली होती. पहिल्या रांगेत मामांची जागा मोकळी होती. कुणी सरकून ती भरली नव्हती. उलट दोन्ही बाजूंची माणसं हात पसरताना तेवढी जागा सांभाळत होती. सहज होत असेल, सवयीनं, असं ती स्वतःला सांगत होती. तेवढ्यात तिची नजर खाली गेली.

फरशीवर कापसाचा थर होता. पाय पडले, की प्रत्येकाच्या पायाखालून तो जरासा उडायचा. त्या मोकळ्या जागेतूनही उडत होता. ठेक्यावर. दोन पायांच्या अंतरानं.

ती मागं सरली. वारा असेल, शेजारच्या पायांचा झोत असेल. असेलही. तिनं परत बघितलं नाही.

साडेसहाला माणसं निघून गेली. पंकज तिच्या समोरून गेला, हसला आणि घराकडं वळला. तुषार सर कुलूप लावत होता.

"सर, बॅच बंद करा," भारती म्हणाली. "काल माणूस मेलाय. त्या आलियाचा पाय मोडलाय. तुम्हाला दिसत नाही?"

"मी कुणाला बोलवायला गेलो होतो का, ताई?" तो मऊ आवाजात म्हणाला. "दिवाळीत मी दोन दिवस गावी गेलो होतो. श्रीगोंद्याला. आलो तर बॅच चालू होती. टेप माझ्या घरी होता."

त्यानं किल्ली खिशात टाकली. जवळून तो फार थकलेला दिसत होता. पोरगेलासा, डोळ्यांखाली काळं.

"बंद करायचं माझ्याही मनात येतं. पण तुम्ही नर्स आहात, तुम्हीच सांगा. मी थांबा म्हटलं, आणि समजा सगळे थांबले. त्यातले किती उभे राहतील?"

८

त्या रविवारी दुपारी पंकज झोपला होता. भारती दवाखान्यातून स्टेथोस्कोप घेऊन आली होती. पण तासभर ती कॉटच्या काठावर नुसती बसून राहिली. ऐकलं नाही तर नवरा जिवंत आहे असं धरून चालता येत होतं. तो जेवतो, बोलतो, कामावर जातो. पण सहादूमामाही आदल्या संध्याकाळपर्यंत जेवत-बोलतच होते.

शेवटी तिनं स्टेथोस्कोप त्याच्या छातीवर ठेवला. धप्, धप्, धप्. गोडाऊनमधला आवाज. ती तो ऐकत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि मग, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत, लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं काहीतरी हललं. मग बराच वेळ नाही. मग परत. बेताल, घाबरट, खोकल्यासारखं अडखळणारं.

हा पंकज. तिला शंकाच राहिली नाही. तिनं तोंडात पदर कोंबला, आवाज बाहेर पडू नये म्हणून.

मंगळवारी पहाटे सव्वापाचच्या संगमनेर गाडीत तिनं त्याला बसवलं. रश्मीला बरं नाही, मामाचा फोन आला होता, असं खोटं सांगितलं. तो आला. मात्र साडेपाचला बॅच आहे, हे तीनदा म्हणाला. खिडकीबाहेर अंधार होता, उसाच्या गाड्यांचे कंदील हलत मागं जात होते. भारतीनं त्याचं मनगट धरलं होतं.

साडेपाचला त्याचे पाय गाडीच्या पत्र्यावर वाजू लागले. कंडक्टर दोनदा वळून बघून गेला. "साहेब, बरं वाटत नाही का?" पंकज समोर बघत होता. त्यानं उठायचा प्रयत्न केला. भारतीनं त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून सीटवर दाबून धरलं. तिचेही पाय खाली आपोआप हलत होते. ते तिनं पुढच्या सीटच्या दांडीला टेकवून गच्च रोवले.

बाभळेश्वर गेलं. पावलं मंदावली नाहीत. मग लोणीच्या अलीकडे कुठंतरी, तिच्या बोटांखालचा ठोका एकदम गेला.

नुसता चुकला नाही. गेला. पाय थांबले. पंकजची मान तिच्या खांद्यावर पडली. तिनं घड्याळाकडे बघितलं, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना. दोन सेकंद. चार. सहा. मीच मारलं याला, असं तिच्या मनात आलं. नऊ. दहा.

बोटांखाली काहीतरी फडफडलं. थांबलं. परत फडफडलं. मग एकामागून एक, वेडेवाकडे, भराभर ठोके सुरू झाले. एकशे तीस, एकशे चाळीस, मोजताच येईनात. पंकजनं डोळे उघडले आणि सगळी गाडी दचकून उठेल असा तो किंचाळला.

"भारती, पाय! माझे पाय! आई गं, मेलो!"

तो लहान मुलासारखा रडत होता. भारती हसत होती, त्याचं तोंड कुरवाळत होती आणि म्हणत होती, "दुखतंय ना? दुखू द्या. खूप दुखू द्या."

९

दोन्ही नडग्या, एक टाच, एक गुडघा. कधी मोडलं ते पंकजला सांगता येईना. संगमनेरच्या दवाखान्यात तो तीन आठवडे पडून होता. रात्रंदिवस कण्हायचा, नर्सेसवर चिडायचा, दर दोन तासांनी चहा मागायचा. प्रेशर पुन्हा वर गेलं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. रश्मी कॉलेज सुटलं की उशाशी बसायची. भारतीनं श्रीरामपूरची नोकरी पत्रानं सोडली. सामान आणायला भाऊ गेला. ती गेली नाही. तिकडं अजून पन्नास माणसं आहेत हे ती विसरली नव्हती. पण आपल्या माणसाचा हात सोडून दुसऱ्यांचे हात धरायला जावं, एवढं बळ तिच्यात नव्हतं. आणि ते ती स्वतःपासून लपवतही नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी दवाखान्याच्या आवारात टेम्पो येऊन थांबला. तौसीफ उतरला. आठ दिवसांत दाढी केलेली नव्हती.

"सिस्टर, तुम्ही पंकजभाऊंना परत आणलं म्हणे. लोक बोलतात तिकडं." त्यानं हात जोडले. "हिला पण आणा. परवापासून थांबलीच नाही. झोप नाही, जेवण नाही. बसवायला गेलो, तर अम्मी मध्ये पडली, म्हणाली जबरदस्ती करू नको."

आलिया टेम्पोच्या मागच्या हौद्यात दांडी धरून उभी होती. श्रीरामपूरपासून तशीच उभ्यानं, एकही ठेका न चुकवता आली होती. कुणीतरी घातलेलं प्लॅस्टर फुटून खाली पडलं होतं. पायाकडं बघवत नव्हतं, तरी तो पाय उचलला जात होता आणि पडत होता. धप्, धप्. भारतीला बघून तिचं तोंड फुललं.

"सिस्टर! तुम्ही येत नाही आता. तुमची जागा ठेवलीय आम्ही."

भारती वर चढली. तिनं आलियाचा हात घेतला. फेब्रुवारीच्या उन्हात तो गार होता. नाडी ठणठणीत होती. मोजायची गरज नव्हती. पंकजच्या छातीवर ऐकलं होतं तसं तिनं स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले आणि दोन ठोक्यांच्या मधली जागा शोधली. पाच मिनिटं. दहा. ओढणी जरा बाजूला करून पाठीवर लावला. परत पुढं लावला. आवारात रिक्षा वाजत होत्या, कुणाचं तरी मूल रडत होतं. ती ऐकत राहिली. प्रत्येक मधली जागा कोरी होती.

"लागतंय ना, सिस्टर?" खालून तौसीफनं विचारलं. "काढू ना खाली तिला? डॉक्टरांना बोलवू?"

डॉक्टर आतच होते. आले असते तर पहिलं काम त्यांनी तिला आडवं करण्याचंच केलं असतं.

"तुमच्या अम्मी कुठं आहेत?" भारतीनं विचारलं.

"घरी. का?"

"समोर एसटीडी आहे. तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन कर, त्यांना निघायला सांग. मिळेल त्या गाडीनं."

"दोन तास लागतील, सिस्टर."

"लागू देत. मी आहे इथं."

तो वळला, दोन पावलं गेला आणि परत आला. त्याला काहीतरी कळलं होतं, पण ते त्याला कळून घ्यायचं नव्हतं. "तोवर हिला बसवू जरा? खूप दमली असेल."

"नको, तौसीफ," भारती म्हणाली. "अम्मी येईपर्यंत बसवू नकोस."

तो फोनकडे पळत गेला. आलिया अजून हसतच होती. भारतीनं स्टेथोस्कोप काढून खिशात ठेवला, तिचे विस्कटलेले केस कानामागं सारले, ओढणी नीट केली आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून तिच्या शेजारी उभी राहिली.